राष्ट्राध्यक्ष बदलेपर्यंत पल्पचे डबे थोपवून धरायचे का?

हा प्रश्न आला ऑक्टोबर २०२५ मध्ये, उत्तरही तेव्हाचंच. दापोली तालुक्यात घरचा आंबा पल्पचा लहान कारखाना. निम्म्याहून जास्त माल न्यू जर्सीतल्या एकाच खरेदीदाराकडे जातो. ऑगस्ट २०२५ अखेरीस अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ बसलं. वडील म्हणतात, हा राष्ट्राध्यक्ष गेला की सगळं जाग्यावर येईल, तोवर कळ काढ. कुवेतमधले काका म्हणतात, कोणीही येवो, अमेरिका ती अमेरिकाच, तू तो बाजारच सोड. ऐकायचं कोणाचं?

या दोन्ही गोष्टी मी गेली तीस वर्षं ऐकतोय, बोलणारी तोंडं तेवढी बदलतात. १९९४ साली मी मुंबईत एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून म्हणून लागलो. आता रत्नागिरीत स्वतःचं छोटं ऑफिस आहे. आंबा, काजू, मासळी यांची निर्यातीची कागदपत्रं करतो. परराष्ट्र धोरणाचा मी काही प्राध्यापक नव्हे. पण वॉशिंग्टनमध्ये कोणी काही ठरवलं की ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. कधी बिल ऑफ लेडिंगवरची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची) एक तारीख होऊन, कधी परत आलेला फॉर्म होऊन. तेवढ्या बळावर लिहितो.

'माणूस बदलला की धोरण बदलतं का' हा प्रश्न पारावर बसून चघळायला उत्तम. रात्र पुरायची नाही. तुम्हाला हवंय ते त्याहून लहान आहे: तुमच्या डब्यावर बसलेली ही एक ड्यूटी त्या माणसाबरोबर जाईल का? याचं उत्तर शोधता येतं. मी आधी बघतो ते इतकंच, की ज्या कागदानं माल अडलाय त्यावर सही कोणाची आहे. एकट्या राष्ट्राध्यक्षाची, त्यांच्या काँग्रेसची म्हणजे संसदेची, की कुठल्या खात्यातल्या निरीक्षकाची? मग बघतो, तो कागद तसाच राहण्यात तिकडे कोणाची चूल पेटतेय.

आंब्याचंच घेऊ. ताजा हापूस, पल्प नव्हे. अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार लावलं १९८९ मध्ये. कारण कीड; फळमाशी आणि कोयीत लपून जाणारा भुंगा. तेव्हा थोरले बुश होते. मग क्लिंटन आठ वर्षं. मग धाकटे बुश. दोनदा पक्ष बदलला, आंबा होता तिथेच. मार्च २००६ मध्ये धाकटे बुश दिल्लीला आले ते अणुकराराच्या कामासाठी, आणि त्या मोठ्या गाठोड्याच्या एका कोपऱ्यात आंबा बांधला गेला. इकडून हार्ले डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना वाट, तिकडून आपल्या फळाला. एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप गेली. म्हणजे दार नेत्यांनी उघडलं, हे खरं. पण कडी निरीक्षकाच्याच हातात राहिली.

ती कडी कशी असते ते वाशीला, फळातली कीड निकामी करणाऱ्या विकिरण केंद्रात, एकदा उभं राहून बघा. पहाटे पेट्या येतात. प्रत्येक पेटी किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या खोलीतून फिरून यावी लागते, फळाला किमान ४०० ग्रे एवढी मात्रा मिळावी लागते. पेट्यांच्या मधे मात्रा मोजायची साधनं ठेवलेली असतात, त्यांचे आकडे नोंदवायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणूस तिथे हजर, त्याचा खर्च आपल्या बाजूनं आधीच भरलेला. सगळं जुळलं की पीपीक्यू २०३ नावाचा फॉर्म भरून मिळतो. तो नसेल तर तुमचा आंबा म्हणजे नुसतं वजन.

२०२० आणि २०२१ असे दोन हंगाम करोनामुळे निरीक्षक येऊ शकला नाही, म्हणून अमेरिकेचा आंबा बंद. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, ट्रम्प जाऊन बायडन आले. आंब्याला त्याचा पत्ताही लागला नाही. २०२२ मध्ये तपासणी सुरू झाली आणि पेट्या निघाल्या. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला अडकल्या. टॅरिफचा गोंधळ तेव्हा भरात होता, त्यामुळे आमच्याकडे चहाच्या टपरीवर जो तो ट्रम्पना शिव्या घालत होता. अडलं होतं ते विकिरणाच्या कागदावर! माल परत आणणं परवडेना, तिथेच नष्ट करावा लागला. राष्ट्राध्यक्ष कोणीही असता तरी तो आंबा अडलाच असता.

कोळंबीची गोष्ट याहून जुनी. समुद्रात धरलेली कोळंबी अमेरिकेत विकायची तर ट्रॉलच्या जाळ्यात कासव बाहेर निसटून जाईल अशी जाळी आणि खिडकी हवी, असा त्यांचा कायदा १९८९ चा. आपण, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड मिळून जागतिक व्यापार संघटनेत भांडलो, १९९८ मध्ये निकालही आला, पण कायदा जिवंत राहिला. २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी तिकडे बंद आहे. त्या कायद्यानं आजवर सहा राष्ट्राध्यक्ष बघितले. गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं रांगा लावतात, आणि इथे मिरकरवाड्याला त्या खिडकीचं नाव काढलं की होडीचा तांडेल तोंड फिरवतो, कारण खिडकीतून कासवाबरोबर मासळीही जाते, असं त्याचं म्हणणं. तुम्ही मासळीत असतात तर सांगितलं असतं की निवडणुकीच्या बातम्या बघणं सोडा आणि जाळं बदला.

आता तुमचा पल्प. या ५० टक्क्यांचा कागद वेगळ्या जातीचा आहे. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के, आणि रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. दोन्हीमागे काँग्रेसनं केलेला नवा कायदा नाही. १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या एका जुन्या कायद्यावर बोट ठेवून एकट्या राष्ट्राध्यक्षाची सही. इथे तुमच्या वडिलांचं म्हणणं बसतं: एका सहीनं आलेलं एका सहीनं जाऊ शकतं. त्याला २० जानेवारी २०२९ ची वाट बघायचीही गरज नाही. तोच माणूस उद्या सकाळी पुसू शकतो, किंवा न्यायालय पुसू शकतं. २९ ऑगस्टला तिथल्या अपील न्यायालयानं हे टॅरिफ त्या कायद्यात बसत नाही असं म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ठरली ती नोव्हेंबर २०२५ ची.

पण 'जाऊ शकतं' आणि 'जाईल' यांच्या मधल्या खड्ड्यात मी बरेच कारखानदार पडलेले बघितलेत. जून २०१९ मध्ये ट्रम्प यांनी भारताची जीएसपी सवलत काढली. त्या सवलतीत आपला बराच माल ड्यूटीशिवाय जायचा. माझ्याकडच्या एका निर्यातदारानं हिशेब केला, दीड वर्षात निवडणूक आहे, माणूस बदलला की सवलत परत. त्यानं दर जुनेच धरले, फरक खिशातून घातला. माणूस बदलला. पण मुळात ती सवलतयोजनाच ३१ डिसेंबर २०२० ला संपली होती, नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घ्यायच्या वीस दिवस आधी. तिला मुदतवाढ द्यायची तर काँग्रेस हवी. चार वर्षं गेली, मिळाली नाही. २०१८ मध्ये पोलाद-ॲल्युमिनियमवर बसवलेली ड्यूटी आणि चीनच्या मालावरची ड्यूटी, याही बायडन यांनी सरसकट उचलल्या नाहीत. चीनच्या विजेवरच्या गाड्यांवर तर उलट वाढवली. कारण साधं आहे. ड्यूटी एकदा बसली की तिच्या सावलीत तिकडचे कोणी ना कोणी कारखाने उभे राहतात, त्यांची मतं असतात. लुईझियानाचे कोळंबीवाले बघा. त्यांच्या तक्रारीवरून २००५ मध्ये आपल्या कोळंबीवर अँटी-डंपिंग (पडत्या भावात माल ओतता म्हणून लावायची) ड्यूटी बसली, ती आजही आहे.

तुमच्या बाजूनं एक चांगली गोष्ट यात आहे. हापूसचा पल्प अमेरिकेत कोणी बनवत नाही. तुमच्या ड्यूटीच्या सावलीत तिकडे कोणाची चूल पेटत नाही, म्हणून ती टिकवायला कोणी जीव टाकणार नाही. ती काढायलाही कोणी जीव टाकणार नाही, हेही तितकंच खरं. न्यू जर्सीतल्या केटररला आमरसाचा डबा महाग पडला म्हणून सिनेटर उठून उभा राहत नाही. तेलाच्या भांडणात आपण मधे सापडलोय. ते भांडण मिटलं तर तुमचा डबा आपोआप सुटेल, आणि तुम्हाला कोणी विचारलेलंही नसेल.

हे 'मधे सापडणं' किती विचित्र असतं ते ऑगस्ट २०२५ मध्येच बघितलं. देवगडकडच्या एका कारखानदाराचा कंटेनर होता, पल्पचाच, ३.१ किलोचे मोठे डबे. ११ ऑगस्टला न्हावा शेव्याहून जहाजावर चढला. अमेरिकेच्या आदेशात एक सवलत होती: २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत तिथल्या कस्टममधून आत घेतला, तर दुसरे २५ टक्के लागणार नाहीत. सुएझवरून गेलं तर सव्वीस ते तीस दिवस. सहज बसलं असतं. पण तांबड्या समुद्रात येमेनचे हुती बंडखोर नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर हल्ले करत होते, म्हणून हे जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं आणि २१ सप्टेंबरला पोचलं. चार दिवस. समजा कंटेनर ४०,००० डॉलरचा असेल, तर त्या चार दिवसांची किंमत १०,००० डॉलर. एक धोरण रशियाबद्दलचं, दुसरी लढाई येमेनमधली. दोन्हींची गाठ पडली ती देवगडच्या आमरसावर.

हुतींचंच पुढे बघा, कारण तुमच्या काकांचं म्हणणं तिथे तपासता येतं. ट्रम्प यांनी जाता जाता जानेवारी २०२१ मध्ये त्यांना दहशतवादी ठरवलं. बायडन यांनी पुढच्याच महिन्यात ती पाटी काढली. जानेवारी २०२४ मध्ये बायडन यांनीच थोडी सौम्य पाटी परत लावली, आणि बॉम्बही टाकले. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जुनी कडक पाटी लावली, मार्च ते मे बॉम्ब टाकले. पाट्या चार वेळा बदलल्या. पण हल्ले सुरू झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालू लागलेली जहाजं २०२५ मध्येही तो घालतच होती. इथपर्यंत काका बरोबर. पण इराण? २०१५ चा अणुकरार ओबामांनी आपल्या अधिकारात केलेला, सिनेटनं मंजूर केलेला तह नव्हता. मे २०१८ मध्ये ट्रम्प एका सहीनं बाहेर पडले, मे २०१९ पर्यंत आपलं इराणी तेल बंद. त्या तेलाचे रुपये युको बँकेत जमा व्हायचे आणि त्यातून इराण आपला बासमती, चहा घ्यायचा. ते खातं आटलं. माणूस बदलला म्हणून अर्ध्या जगाचा व्यापार हलला, हे काकांनी कुवेतच्या खिडकीतून बघितलेलं असणार. आणि मग इराणचंच चाबहार बंदर घ्या: २०१८ मध्ये भारताला तिथे काम करायची सूट दिली ती ट्रम्प यांच्याच सरकारनं, आणि २९ सप्टेंबर २०२५ पासून काढून घेतली तीही ट्रम्प यांच्याच सरकारनं. इथे माणूस तोच, बदललं धोरण.

मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध लावणारे क्लिंटन, आणि मार्च २००० मध्ये पाच दिवस भारतात राहून गेलेले तेही क्लिंटनच. बरेचसे निर्बंध उठले सप्टेंबर २००१ मध्ये, बुश आले म्हणून नव्हे, ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेला या भागात मित्र हवे झाले म्हणून.

आमच्या जिल्ह्याला हा धडा एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पानं जेवढा नीट दिला तेवढा कोणी दिला नसेल. मी नवखा कारकून होतो, अंजनवेलला जाणाऱ्या यंत्रांच्या पॅकिंग लिस्ट तपासत बसायचो. बोलणी १९९२ मध्ये सुरू झाली, थोरले बुश असताना. वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ चा, क्लिंटन असताना. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारनं तो रद्द केला. त्याआधी जूनमध्येच अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं जाहीर इशारा देऊन ठेवला होता की असं केलंत तर परकी गुंतवणूक बिचकेल. पुन्हा वाटाघाटी झाल्या, करार नव्यानं झाला. अणुचाचण्यांचे निर्बंध लागले, तरी मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झालाच.

नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडात मतमोजणी अडकली होती तेव्हा मी गुहागरला होतो. जिथे जेवायला जायचो त्या खानावळवाल्यानं वरण वाढता वाढता विचारलं, "साहेब, बुश आला तर आमचं डब्यांचं काँट्रॅक्ट ऱ्हातंय ना?" त्यानं माडीवर चार खोल्या चढवल्या होत्या, कर्ज काढून. मी ऐटीत सांगितलं, एन्रॉन बुश यांच्या मोठ्या देणगीदारांपैकी, तुम्ही निश्चिंत राहा. बुश आले. त्यांच्या सरकारनं क्लिंटन यांच्यासारखीच एन्रॉनची बाजू लावून धरली. जून २००१ मध्ये सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांनी त्यांच्याकडे दाभोळचा विषय काढला होता. पण त्याआधीच, मे महिन्यात, आपल्या वीज मंडळानं ती महागडी वीज घेणं थांबवलं होतं. डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. खानावळवाल्याचं काँट्रॅक्ट गेलं ते मुंबईत बिल भरलं गेलं नाही म्हणून. मी त्याला वॉशिंग्टनच्या बातम्या सांगत राहिलो आणि त्याचं नशीब लिहिलं जात होतं वांद्र्याला, वीज मंडळाच्या कचेरीत. त्यानंतर कोणाला 'निश्चिंत राहा' म्हणायचं मी सोडलं.

मग नेता बदलला की नक्की काय बदलतं? माझ्या अनुभवात, सर्वांत आधी खुर्च्या रिकाम्या होतात. नवं सरकार आलं की तिकडे सुमारे ४,००० राजकीय नेमणुका करायच्या असतात, त्यातल्या हजाराहून जास्त सिनेटच्या मंजुरीनं. जानेवारी २०२१ नंतर दिल्लीत दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेचा कायम राजदूत नव्हता. भांडण नव्हतं हो कसलं, नेमणूक सिनेटमध्ये अडकली होती. अशा काळात चालू असलेलं चालू राहतं, बंद असलेलं बंद राहतं, आणि नवीन दार कोणी उघडत नाही, कारण उघडायला टेबलावर माणूसच नसतो. त्यामुळे नव्या राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या वर्षात बाजार खुला होईल या आशेवर कधी फळ घेऊ नका. दुसरं बदलतं ते आपलं यादीतलं स्थान. आपण दूरचे. आपण त्यांच्या यादीत वर चढतो ते चीनमुळे, तेलामुळे, कधी त्यांच्या घरच्या महागाईमुळे. आपल्या गुणावर क्वचितच. आणि तिसरं, वेग. हे राष्ट्राध्यक्ष सहीवर राज्य करतात, म्हणून जे व्हायला पूर्वी दोन वर्षं लागायची ते आठवड्यात होतं. कागदपत्रं करणाऱ्याला झोप लागत नाही ती या वेगानं.

तुमच्याबद्दल मी ठाम बोलू शकत नाही, कारण बरंच काही मला माहीत नसलेल्या गोष्टींवर आहे. तुमचा सौदा एफओबी (माल जहाजावर चढवला की तुम्ही मोकळे) आहे की ड्यूटी भरून पोच? ड्यूटी कायद्यानं भरतो तिकडचा आयातदार, पण 'पोच' सौदा असेल तर ती तुमच्याच गळ्यात. एफओबी असेल तरी खरेदीदार फोन करून म्हणणारच, अर्धं तुम्ही सोसा. सोसायचं किती, हे तुमच्या मालावर आहे. तोतापुरीचा पल्प असता तर म्हटलं असतं, मेक्सिकोवाला तुमची जागा घेईल, मान वाकवा. हापूसला तशी भीती कमी. न्यू जर्सीत एडिसनमधल्या लग्नाच्या पंगतीला मेक्सिकन पल्प चालत नाही. केसर मात्र शिरकाव करेल, तिथे सावध राहा.

काकांचा सल्ला मी अर्धा घेईन. अमेरिका सोडू नका, पण एकाच खरेदीदारावर निम्म्याहून जास्त माल ठेवणं हे टॅरिफ नसतं तरी चूकच होतं. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी १ ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. हे करार दोन्ही देशांच्या सह्यांचे आहेत, एका माणसाच्या लहरीनं रातोरात पुसले जात नाहीत. काका कुवेतला आहेत तर त्यांनाच कामाला लावा. आखातात आपल्या पल्पला गिऱ्हाईक जुनं आहे.

वडिलांचाही अर्धा घेईन. कळ काढायची, पण मुदत ठरवून. तुमचा डबा दीड-दोन वर्षं टिकतो, राष्ट्राध्यक्ष चार वर्षं. म्हणजे २०२९ पर्यंत थांबायचं गणित डब्यालाच मान्य नाही. त्या देवगडच्या कारखानदाराच्या खरेदीदारानं कंटेनर बॉन्ड गोदामात, म्हणजे ड्यूटी न भरता माल ठेवता येतो तिथे, टाकलाय. तिथून माल बाहेर काढताना जो दर असेल तो लागतो, म्हणून तो न्यायालयाच्या निकालाची वाट बघतोय. गोदामाचं भाडं चढतंय. काही महिन्यांसाठी हा जुगार मला पटतो, वर्षासाठी नाही. आणि निकाल आपल्या बाजूनं लागला तरी नाचू नका, ड्यूटी बसवायला त्यांच्याकडे दुसरे कायदे आहेत. २०१८ ची पोलादावरची ड्यूटी राष्ट्रीय सुरक्षेच्या कलमाखाली बसली होती.

२०२६ च्या हंगामासाठी म्हणाल तर, मे महिन्यात कॅनिंगच्या फळाचा दर जाहीर होईपर्यंत जे चित्र असेल त्यावरच फळ घ्या, आणि अमेरिकेसाठी गेल्या वर्षीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त डबे भरू नका. हा माझा अंदाज, चुकू शकतो. बागायतदारांना आतापासून शब्द देऊन बसला असाल तर मात्र वेगळं बोलावं लागेल.

राहिली एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण पैसा तिथे आहे. उद्या न्यायालयानं टॅरिफ रद्द केलं आणि भरलेले पैसे परत द्यायला लावले, तर ते मिळतील ज्याच्या नावानं ड्यूटी भरली त्या आयातदाराला. तुम्ही दरात जी सूट देऊन अर्धा भार सोसलात त्याचा छदामही तुमच्याकडे आपोआप येणार नाही. म्हणून सूट देताना प्रत्येक इनव्हॉइसवर ती वेगळी दाखवा, मूळ दर आणि ड्यूटीपोटीची सूट अशा दोन ओळी, आणि खरेदीदाराकडून ईमेलवर एवढं लिहून घ्या की परतावा आला तर त्यातला त्या सूटीइतका भाग तुमचा. चांगला खरेदीदार नाही म्हणणार नाही. आज पैसे हातात नाहीत तोवर उदार व्हायला काही लागत नाही. फोन संध्याकाळी साडेसातला करा, तिकडे सकाळचे दहा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासानं मागे जातात, मग साडेआठला.